या, या, इनामदार मॅडम!

रशीदाचे तळवे नेहमी गार असत आणि खडूच्या भुकटीनं किंचित खरखरीत. सकाळची शाळा भरायच्या आधी ती माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरी आणि म्हणे, "काय सुधाताई, बरं ना?" तो गारवा पार मनगटापर्यंत चढे. नारायण पेठेजवळच्या मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि मी भूगोल. उमेदीची सारी वर्षं आम्ही शेजारशेजारच्या वर्गांत काढली. दोन्ही हातांनी हात धरणं ही तिच्या घरची रीत. माझ्या घरची रीत हात जोडण्याची, तेही मधे पुरेसं अंतर राखून. आम्हां पेठेतल्या माणसांची आपुलकीसुद्धा जरा सावरून बसलेली असते!

दुपारच्या तासाला मुली पेंगू लागल्या, की मी पुस्तक मिटून जगभरच्या अभिवादनांच्या गोष्टी सांगायची. कुठे गालाला गाल लावतात, कुठे नाकाला नाक, कुठे कमरेत वाकतात. आपल्याकडे खेड्यात "रामराम, बरं हाय का?" असं विचारून उत्तरासाठी थांबतात, आणि पुण्यात दार अर्धंच उघडून "काय काम काढलंत?" असं विचारतात. मुली खुदुखुदु हसायच्या. मग मी गंभीर होऊन सांगायची, की अनोळखी माणसाजवळ जाताना प्रत्येकाच्या मनात किंचित भय असतं. ते दूर सारण्यासाठीच मनुष्यजातीनं हे नाना विधी निर्माण केले आहेत. वस्त्रं भिन्न, आतलं मन एकच. किती सुंदर वाक्य! आणि त्यावर माझा किती गाढ विश्वास!

दोन वर्षांपूर्वी रशीदाची इमारत पुनर्बांधणीसाठी पाडायची ठरली. तिला आणि तिच्या यजमानांना, सलीमभाईंना, काही काळासाठी भाड्याचं घर हवं होतं. मी निवृत्तीनंतर कात्रजच्या बाजूला राहायला आले आहे. आमच्याच इमारतीत, माझ्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. मालक अमेरिकेत, किल्ल्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आणि भाडेकरू निवडण्याचा अधिकारही त्यांच्याचकडे. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. उतारवयात मैत्रीण समोरच्या दारात यावी, याहून माणसानं अधिक काय मागावं?

मी रशीदाला घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेले. "या माझ्या मैत्रीण, इनामदार मॅडम," मी म्हटलं.

"या, या, इनामदार मॅडम! नमस्कार!" सेक्रेटरी हात जोडून उभेच राहिले. "साताऱ्याकडचे का आपण इनामदार?"

"नाही, आम्ही पुण्याचेच. चार पिढ्यांपासून," रशीदा म्हणाली.

तिचं मराठी तुम्ही ऐकायला हवं होतं. ळ आणि ण असे, की घासलेल्या तांब्यावर नख वाजवावं. सेक्रेटरी प्रसन्न झाले. "हल्ली असं शुद्ध बोलणारी माणसं राहिलीत कुठे!" असं म्हणून त्यांनी चहा मागवला. फ्लॅट पाहून झाला होता आणि पसंतही होता. कधी राहायला येता, इथवर गोष्ट आली. सेक्रेटरींच्या पत्नी आतून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. तेवढ्यात रशीदाचा फोन वाजला. लेकीचा होता.

"वालेकुम अस्सलाम, बेटा. हां, घर देख लिया. बहुत अच्छे लोग हैं."

करंडा जागीच थबकला. बाईंनी यजमानांकडे पाहिलं. मग, काहीतरी विसरल्यासारखं करून, त्या पुन्हा आत गेल्या. चहाचे कप आमच्या हातांत होते, म्हणून चहा तेवढा पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले. "मॅडम, त्या फ्लॅटचं जरा अवघड दिसतंय. मालकांच्या भाच्याला हवाय म्हणे."

"काल संध्याकाळपर्यंत मालकांना भाचा नव्हता वाटतं?"

"तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. मला व्यक्तिशः काहीच अडचण नाही. पण सभासदांचं बघावं लागतं. आणि खरं सांगू का, त्यांनाच इथे अवघडल्यासारखं होईल."

मी सोसायटीच्या सभेत विषय काढला. ज्यांच्याकडे मी संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाते, ती सगळी माणसं पंख्याकडे बघत बसली. शेवटी एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सुधाताई, तुमच्या मैत्रीबद्दल आदरच आहे. पण ती मैत्री तुमच्यापुरतीच राहू दे ना." सभा पाण्याच्या टाकीकडे वळली.

रशीदाला मी हे सगळं सांगितलं. ती फोनवर थोडी हसली. "अगं, माझं मराठीच नडलं बघ. आधीच मोडकंतोडकं बोलले असते, तर त्यांना फसवल्यासारखं तरी वाटलं नसतं." मग म्हणाली, "तू भांडू नकोस हं. तुला तिथेच राहायचंय."

भाचा काही आला नाही. फ्लॅट कितीतरी महिने कुलुपात होता. नंतर एका कंपनीतले जपानी गृहस्थ सपत्नीक राहायला येणार, अशी वार्ता आली आणि इमारतीत सणासारखी लगबग उडाली. सेक्रेटरी स्वतः माझ्याकडे आले. चेहऱ्यावर निर्मळ कुतूहल.

"मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. जपानी माणसासमोर नेमकं किती वाकायचं असतं हो?"

"माणूस बघून वाकण्याचा सराव आहे तुम्हाला," मी म्हटलं, "जमेल."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. पाहुणे आले तेव्हा प्रवेशद्वारापाशी रांगोळी होती, औक्षण झालं, त्या जपानी बाईंच्या कपाळी कुंकू लागलं. सेक्रेटरी तर इतक्यांदा वाकले, की ते बिचारे गृहस्थही प्रत्येक वेळी वाकून दमले. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. दुरून आलेल्या परक्याची रीत आम्ही कौतुकानं शिकतो. त्याचं परकेपण आमच्या दाराची शोभा वाढवतं. पण चार पिढ्या याच नळाचं पाणी प्यालेल्या माणसाच्या तोंडून एक सलाम निसटतो, आणि कुंकवाचा करंडा आत जातो. हे मी कोणत्या नकाशावर दाखवू?

रशीदा आता हडपसरला, एका नातेवाइकाच्या घरात राहते. दोन बस बदलून, गेल्या महिन्यात, त्या प्रकारानंतर ती प्रथमच माझ्याकडे आली. बेल वाजली. मी दार उघडलं. ती उभी होती, साडीचा पदर सावरत, तोंडभर ओळखीचं हसू घेऊन, पण बोलेना. क्षणभर मला वाटलं, जिना चढून दम लागला असेल.

"अगं, ये ना!" मी म्हटलं.

तेव्हा ती म्हणाली, "आले, आले." आत येऊन बसली, पाणी प्याली. मी विचारलं, "बरं नाही का तुला?"

"बरी आहे गं. हल्ली कुणाचंही दार उघडलं, की मी आधी गप्प राहते. समोरचा नमस्कार म्हणतो की सलाम, ते ऐकते आणि मग तेच म्हणते. आज तुझ्याही दारात तसंच झालं."

गुडघे दुखतात म्हणून जिना जरा जपून चढते, असं सांगावं, इतक्या सहज तिनं हे सांगितलं. आणि मग विचारलं, "चहा मी टाकू, की तू टाकतेस?"