त्या खोलीत मीही होतो

वाचकांच्या अगम्य अनुभवांच्या या सदरात कधी माझं लिखाण येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी वारणानगरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. सुट्टीच्या दिवशी शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन तथाकथित चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचो. लिंबातून ‘रक्त’ कसं काढतात, नारळ ‘आपोआप’ कसा पेटतो, हे सगळं. लोक टाळ्या वाजवायचे. भूतबित मी मानत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर आजही ‘मानतो’ असं लिहायला हात धजत नाही.

पण हे मी भुताबद्दल लिहीत नाहीये. माझ्या बायकोबद्दल, विजयाबद्दल लिहितोय. माझ्या एका वाक्यामुळे ती वर्षभर घरात आजारी माणूस म्हणून वावरली. ते वाक्य खोटं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमचा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला ज्येष्ठांचा ग्रुप मुंबईहून क्रूझला गेला. पुण्याच्या मुलाने, अभिजितने, आमचं बुकिंग केलं होतं. बोट आतून पूर्ण नवी केलेली, आणि नूतनीकरणानंतरची ती पहिलीच फेरी. इतकं नवं, की लिफ्टच्या बटणांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. चालताना नव्या गालिच्याची लव मोज्यांना चिकटायची. सगळीकडे रंगाचा आणि डिंकासारखा वास. मजल्यामजल्यावर बोटीचा नकाशा लावायच्या जागा होत्या, पण बऱ्याच ठिकाणी नुसत्या रिकाम्या चौकटी. माणसं रस्ता चुकत होती आणि हसत होती.

आमच्यात जाधव होते. बँकेतून निवृत्त, आमच्याच गल्लीतले, माणूस मनाचा मोठा पण तोंडाला लगाम नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून उभं केलं, तेव्हा म्हणाले, “सर, हे घालून तालमीत उतरलो असतो तर आपली पाठ कुणाला टेकवता आली नसती की!” बोटीवरची गोरी गोरी परदेशी मंडळीसुद्धा आमच्याकडे बघून हसायला लागली. असं सगळं मजेत चाललेलं.

दुसऱ्या दिवशी बोट कुठेच थांबणार नव्हती. जेवण झाल्यावर ग्रुपमधले सगळे तंबोला खेळायला गेले. विजयाला त्याचा कंटाळा. तिचे गुडघे बसून बसून आखडतात, म्हणून आम्ही दोघं चालत सुटलो. एक जिना चढलो, एक लांबलचक कॉरिडॉर लागला. दोन्ही बाजूंना केबिनचे पांढरे दरवाजे, एकासारखा एक. त्यांच्यामध्ये एक दरवाजा लाकडी होता, पितळी मुठीचा, अर्धवट उघडा. विजया आत डोकावली आणि म्हणाली, “बसायची जागा आहे. या.”

आत छोटा हॉल. गोल खिडक्या, भिंतीला लागून हिरव्या रेक्झिनचे बाक, टेबलात बसवलेले ॲशट्रे. शिळ्या सिगारेटचा वास येत होता. मला वाटलं, एवढा भाग नवा करायचा राहून गेलेला दिसतोय. पण एक गोष्ट तेव्हाच जाणवली. बोटीवर चढल्यापासून पायाखाली इंजिनची बारीक थरथर सतत लागायची, झोपेतसुद्धा. इथे ती नव्हती. जमीन आपल्या घरच्या फरशीसारखी निश्चल.

खिडकीजवळ एक बाई बसली होती. साधी फुलांची साडी, वरून पुरुषी स्वेटर. आमच्याएवढीच असेल.

“बसा की,” ती म्हणाली. “उभं का?”

परक्या बोटीवर आपल्याकडची बोली ऐकून विजयाला कोण आनंद झाला. गाव विचारलं तर “कोल्लापूरकडचीच की” एवढंच म्हणाली. आमच्या ग्रुपमध्ये नव्हती. कुणाबरोबर आलात म्हणून विचारलं, तेव्हा तिने दाराकडे बघितलं.

“मालक खाली गेल्यात. हितंच बस, आलोच म्हणालं. अजून न्हाय आलं.”

“कधी गेलेत?” विजयाने विचारलं.

“हे समदं नवं करायला काढलं न्हवं... त्याच्या आदी.”

मला वाटलं, सकाळच्या कामाबद्दल बोलतेय. बोटीवर कुठे ना कुठे ठोकाठोक चालूच होती. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवरा येईल असंही तिला वाटत नसावं, पण त्याने बस म्हटलंय म्हणून बसायचं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

विजयाच्या पर्समध्ये अंबाबाईच्या कुंकवाची डबी असते. बाईमाणूस भेटलं की कुंकू लावल्याशिवाय ती निरोप घेत नाही. मी यावरून आयुष्यभर तिची चेष्टा केली. तिने विचारलं, “लावू का?” त्या बाईने डोळे मिटले आणि डोकं पुढे केलं. विजयाने तिच्या कपाळावर टिकली एवढं कुंकू टेकवलं. मी शेजारीच उभा होतो. माझ्या आणि त्या बाईमध्ये हातभर अंतर होतं.

बाहेर आल्यावर विजया म्हणाली, कपाळ फार गार होतं ओ तिचं, एसीत किती वेळ बसली असेल कोण जाणे. मग म्हणाली, “मी खाली काउंटरवर सांगून येते, तिच्या मालकांना शोधा म्हणून. तुम्ही परत जाऊन तिच्याजवळ बसा. एकटी आहे.”

ती लिफ्टने खाली गेली आणि मी मागे वळलो.

लाकडी दरवाजा तिथे नव्हता. मी कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, परत आलो. मजला तोच, जिना तोच. दोन केबिनच्या दरवाजांच्या मध्ये क्रीम रंगाचं नवंकोरं पॅनेल होतं, सलग, कुठे सांधाही नाही. आणि त्यावर, बाकावर बसलेल्या माणसाचं कपाळ येईल तेवढ्या उंचीवर, कुंकवाचा ठिपका होता. गोल, बोटाच्या टोकाएवढा.

मी पॅनेलवर हात ठेवला. थरथर लागत होती.

आता जे लिहितोय ते गेलं वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं. लिफ्टचा आवाज झाला, विजयाचा आवाज आला, जाधवांचं हसणं ऐकू आलं. मी खिशातून रुमाल काढला आणि तो ठिपका पुसला. नुसता पुसून जाईना, लाल ओघळ राहिला, तेव्हा रुमालाला थुंकी लावून घासला. पॅनेल पुन्हा स्वच्छ झालं. रुमाल खिशात गेला.

नव्या बोटीची भिंत खराब केली म्हणून बोलणी बसतील, असं वाटलं होतं म्हणून पुसलं — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. तो ठिपका राहिला असता तर मला जाधवांसमोर ‘हो, मीही पाहिलं’ म्हणावं लागलं असतं. आयुष्यभर लोकांकडे मी पुरावा मागितला. मला एकदाच मिळाला, आणि मी तो थुंकी लावून पुसला.

विजया येताना बोटीवरच्या एका गोव्याच्या मुलीला घेऊन आली होती. काउंटरवरची अधिकारी, नम्र, हिंदीत बोलणारी. वाटेत तंबोला संपवून आलेले जाधव आणि आमच्यातल्या दोन बायका भेटल्या, तेही सगळे मागून आले. ती मुलगी सांगत होती की या मजल्यावर असा हॉलच नाही. आधी काय होतं ते तिला माहीत नव्हतं, ती नव्यानेच रुजू झालेली. विजया भिंतीसमोर येऊन थांबली. तिने हाताने पॅनेल चाचपलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, तो मला अजून दिसतो.

“हे होते ना माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “विचारा यांना.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मी?” मी म्हणालो. “मी आत्ता येतोय. तू दिसेनास म्हणून शोधत होतो.”

जाधव म्हणाले, “वहिनी, सरांच्या घरात ऱ्हाऊन तुम्हाला भूत दिसायला लागलं व्हय? भुताचं बी धाडस म्हणायचं.” सगळे हसले. मीही हसलो. विजया हसली नाही आणि रागावलीही नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू माझं काय म्हणणं आहे ते तिला नीट ऐकूच आलं नव्हतं.

नंतर केबिनमध्ये ती एवढंच म्हणाली, त्या बाईला मी येते म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, जरा पड, तुला ऊन लागलंय.

जाधवांनी काळजीपोटीच अभिजितला फोन केला. वहिनींना जरा भास होतायत, म्हणाले. कोल्हापूरला परतलो तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन मुलगा घरी हजर. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, पूर्वी असं काही झालं होतं का? आणि मी... मी आठवून आठवून दिलं. दूध उतू गेलं होतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता. प्रत्येकाच्या घरात होतं तसलं सगळं मी लक्षणं म्हणून सांगितलं. ती शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तिला दिवसभर सुस्ती यायची. अभिजितने तिची स्कूटी विकून टाकली. या स्कूटीवरून ती लक्ष्मीपुरीच्या बाजारात जायची, मला मागे बसवून दवाखान्यात न्यायची, सिग्नलला मध्ये घुसणाऱ्या पोरांना चार शब्द सुनवायची. स्कूटी न्यायला माणूस आला तेव्हा ती गॅलरीतसुद्धा आली नाही. गॅसजवळ एकटं उभं राहायचं नाही, एकटीने देवळात जायचं नाही. सगळं प्रेमानेच चाललेलं.

एकदा दुपारी ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, “तुम्ही खरंच नव्हता का ओ तिथं?”

भांडायला विचारलं नव्हतं. अंधारात माणूस भिंतीला हात लावून बघतो तसं विचारलं होतं. मी म्हणालो, “नव्हतो.”

बोटीवरचं खोटं घाबरून बोललो होतो. हे मात्र शांतपणे बसून, चहाचा कप हातात धरून बोललो.

त्यानंतर ती बदलली. तिने वाद सोडून दिला, आणि प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागली. मी आमटीत मीठ घातलं ना, तुम्ही बघितलंत ना? दाराला कडी मीच लावली ना? शेजारच्या आल्या होत्या की मला वाटलं? स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून तिने तो माझ्या डोळ्यांवर ठेवला होता. माझ्या! परवा-परवा एका सकाळी तिने मला अंगणात बोलावलं आणि जास्वंदीकडे बोट करून विचारलं, “फूल आलंय ना हो? लाल?”

माझ्याने राहवलं नाही. तिथेच, कुंडीशेजारच्या कठड्यावर बसून सगळं सांगितलं. दरवाजा, बाक, बाई, ठिपका, रुमाल. मला वाटलं होतं ती रडेल. तिने हात पुढे करून ते फूल चाचपलं. मग म्हणाली, “मग वर्षभर त्या गोळ्या मी कुणाच्या खाल्ल्या?”

दुपारी तिने पिशवी भरली आणि एसटीने एकटी शाहूवाडीला बहिणीकडे गेली. स्टँडवर सोडायला येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. दारात चपला घालताना मात्र बोलली, “चारचौघांत खोटं बोललात. आता खरंही चारचौघांत बोला. मग बघू.”

म्हणून हे लिहितोय.

स्पष्टीकरण शोधायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. नव्या रंगाच्या वाफा डोक्यात जातात, भास होतात, हे मी स्वतः वर्गात शिकवलंय. पण दोघांना एकच बाई, एकच स्वेटर, एकच वाक्य? आणि विजयाने भिंतीलाच कुंकू लावलं म्हणावं, तर मी कपाळ पाहिलं होतं. बोटीच्या कंपनीला पत्र लिहून विचारलं की पूर्वी त्या मजल्यावर काय होतं. उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, पुढच्या सफरीवर सवलत मिळेल. त्यापुढे माझं विज्ञान जात नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, फक्त माझी बायको आजारी होती एवढं कुणी म्हणू नका.

अभिजितलाही फोन करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावलाच पाहिजे. शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बाबा, तुम्हाला हे असं कधीपासून वाटतंय?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, हो बाबा, कळलं बाबा, तुम्ही त्रास करून घेऊ नका. मग त्याने त्याच डॉक्टरांची वेळ घेतली. माझ्यासाठी.

विजयाला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “जाऊन या की. मी गेले होते.” आणि फोन ठेवला.

मंगळवारी जाणार आहे. डॉक्टर विचारतील, तुमच्याबरोबर तेव्हा दुसरं कुणी होतं का? मी विजयाचं नाव सांगणार. ते तिला फोन लावतील. ती काय सांगेल, मला खरंच माहीत नाही.