जयवंतीबायचा चोथा

तुमच्या घरातली चहा पावडर आधी कुणी उकळली होती का, असं कधी विचारलंय दुकानदाराला? नाही ना? विवळवेढ्याच्या देवीला जाताना हायवेच्या वळणावर चहा पिता, कागदी कप भिरकावता आणि गाडीत बसता. गाळणीत उरलेला चोथा कुठं जातो, ते तुम्ही कशाला बघाल!

त्या वळणावर जयवंतीबायची टपरी आहे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभी केली. हायवेवाल्यांनी उठवली की परत मांडली, परत उठवली की परत मांडली. चहाच्या बाबतीत बाई कडक. पावडर स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, डबा चुलीपासून लांब. ओला चमचा घातलात तर हातावर फटका बसणार. घरी चुलीवर सुकट टांगलेली असते म्हणून पावडर घरी नेतच नाही. चहा शेजारचा वास ओढून घेतो, हे तिचं ठरलेलं वाक्य.

पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, पावडर पडून राहते. मग ती चिमूटभर तळहातावर चोळते, तोंडाची वाफ सोडते आणि हुंगते. चहाचा वास आला तर जुनी पावडरही वापरते, थोडी जास्त घालते इतकंच. गोळे झाले, कुबट वास आला, की थेट उकिरडा. संघटनेच्या सभांना जाता-येता मी तिथंच थांबते; एकदा ओरडले, "अगं बाय, अर्धा डबा टाकलास!"

"तू भाषणात खोटं बोलतेस का?"

"नाही."

"मग मी कपात कशाला बोलू?"

उमेश तिचा भाचा, रानशेतच्या बहिणीचा, सोनीबाईचा मुलगा. आमच्या संघटनेचा कार्यकर्ता. मोर्चात सगळ्यात पुढं, आवाज असा की भोंगा नको. रोज संध्याकाळी मोटारसायकल लावायचा. "मावशी, चोथा दे गं. चिकूच्या कलमांना घालतो." ती बादली भरूनच ठेवायची. वर त्याला फुकट चहा. "माझा भाचा झाडं जगवतो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

भात झोडून झाल्यावर वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी आमची बैठक सोनीबाईच्या अंगणात होती. जयवंतीबायही आली. सोनीबाईनं सगळ्यांना कोरा चहा दिला. जयवंतीबायनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"सोने, पावडर दाखव बघू."

"अगं, तुझीच आहे ना! उमेश आणतो. जयवंतीबायची पावडर म्हणून सगळा पाडा हीच घेतो."

पिशवी आली. तिनं चिमूट चोळली, वाफ सोडली, हुंगली. "बोंबील," म्हणाली. "हिच्या शेजारी बोंबील वाळलाय."

अंगण हसलं. म्हातारा लडक्या म्हणाला, "बरंय की! चहात कालवण!"

जयवंतीबाय हसली नाही. तिनं नखानं पावडरीतून एक सुकलेला तुकडा उचलला. मग दुसरा. गवती चहाची पात, विळीवर तिरकी कापलेली. ती टपरीवर रोज तशीच कापते. तिनं थंड पाण्याचा ग्लास मागितला, वरून चिमूट सोडली. पावडर तळाला जायच्या आत लाल रेघा उतरल्या.

"थंड पाण्यात चहा एवढी घाई करत नाही. हा रंग लावलाय. आणि चोथा माझा आहे."

माझं डोकं फिरलं. "उमेश, बोल! चिकूला घालतोस ना?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. मावशीला म्हणाला, अगदी शांतपणे, "चिंचणीला समुद्रकाठी मित्राकडं ताडपत्रीवर वाळवतो. लोकांना स्वस्त मिळते, कुणाचं काय बिघडलं? आणि चोथा तूच रोज भरून देत होतीस, मावशी. आता मला ठाऊक नव्हतं म्हणू नकोस."

एका वाक्यात त्यानं तिला भागीदार करून टाकलं. आणि अंगणातल्या माना त्याच्याकडून तिच्याकडं वळल्या. "तुझ्या नावावर विकत होता, बाय," लडक्या म्हणाला, "तुला कळलं नसेल, असं कसं?" वर्षानुवर्षं तिच्या हातचा चहा प्यायलेला माणूस!

जयवंतीबायनं बहिणीकडं बघितलं. एक शब्द हवा होता तिला. सोनीबाईनं पिशवीचं तोंड बांधलं, उचलली आणि आत चालली. उंबऱ्यात थांबली. "घरातलं घरात बोलायचं होतंस. चारचौघांत माझ्या पोराला नागवं केलंस."

उमेशला आम्ही संघटनेतून काढलं. ते सोपं होतं. पण बोलणं तलासरीच्या बाजारापर्यंत गेलं, आणि तिथं पोचेपर्यंत त्यातून उमेश गळला. उरलं एवढंच, की जयवंतीबाय चोथ्याचा चहा पाजते. ओळखीचे ड्रायव्हर आता पुढच्या टपरीवर थांबतात. सोनीबाई येत नाही. परत कुणी वाळवून विकू नये म्हणून संध्याकाळी जयवंतीबाय बादलीतल्या चोथ्यात चुलीतली राख ओतते आणि गिऱ्हाइकांच्या देखत हातानं कालवते, कोपरापर्यंत काळी होऊन. मी म्हटलं, "बाय, पुरे, किती दिवस दाखवणार?" ती म्हणाली, "तू बघितलंस. बाकीच्यांचं काय?"

म्हणून तुम्हाला सांगते. त्या वळणावर गाडी थांबवा. तिच्या डब्यातली चिमूट मागून घ्या, थंड पाण्यात टाका, सगळ्यांसमोर टाका. ती रागावणार नाही, ग्लास स्वतःच पुढं करेल. मग चहा प्या. आणि पुढं रानशेतला जा नाहीतर तलासरीला, पाण्यात काय दिसलं ते तिथं मोठ्यानं सांगा.