दाराएवढं कोरं

तिओ एंग हुआतच्या चित्रांत पांढरा रंग नसे. जे पांढरं असे, ते कागदाचं.

मलेशियातल्या पिनांग बेटाच्या तिओ धक्क्यावर पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरांची रांग आहे. सगळी तिओ आडनावाच्या एकाच कुळाची. ओहोटीला, खांबांचे शेवाळलेले पाय उघडे पडले की एंग हुआत स्टूल टाकून बसायचा. आधी टाक आणि काळी शाई. खांब, फळ्या, गंजके पत्रे, दोरीवरचे बनियन. शाई वाळेपर्यंत एक काळी कॉफी. मग भरपूर पाण्यात सैल केलेल्या रंगाचा एकच पातळ हात. तो फिरवण्याआधी मात्र तो बराच वेळ नुसता बघत राही. रंग कुठे लावायचा ते नाही, कुठे लावायचा नाही ते बघत. लाटेचा माथा. ऊन खाणारा पत्रा. बनियन.

"एकदा ओला झाला की कोरा कागद परत येत नाही," तो म्हणायचा. दुकानात पांढऱ्या रंगाची ट्यूब मिळते, असं कुणी सांगितलं, तर म्हणायचा, "दुकानात दातही मिळतात."

धक्क्याच्या त्याच्या प्रत्येक चित्रात जमिनीकडच्या तोंडाशी एक घर असे. शाईने पूर्ण काढलेलं, उंबऱ्यापासून छपरापर्यंत. रंगाचा थेंब नाही. चित्र विकत घेणारे पाहुणे म्हणत, काय सुंदर ऊन पडलंय इथे. तो मान हलवायचा. धक्क्यावरचे लोक काही बोलत नसत. त्या जागी घर नाही, रस्ता आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

एंग हुआत आयुष्यभर नकाशांच्या सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता. किनाऱ्याचा रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा काम त्याच्या टेबलावर आलं. आकडे वरून आले होते. त्याने रेघ ओढली. रेघ धक्क्याच्या तोंडाकडच्या घरांमधून गेली. त्यात त्याचं जन्मघरही होतं. तिथे त्याची थोरली बहीण बी लियान एकटी राहत होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तो तिला तोआचि म्हणायचा, म्हणजे मोठी ताई.

घर पाडायच्या आदल्या दिवशी तोआचिने देव्हाऱ्यातलं उदबत्तीचं भांडं कापडात गुंडाळलं. जाताना एवढंच विचारलं, "तुझा हात जरा इकडेतिकडे वळला असता, तर मोडला असता का रे?"

रेघ वरून आली होती. हे खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ती समोरच्या किनाऱ्यावर, बटरवर्थला राहायला गेली. धक्क्याच्या समुद्राकडच्या टोकावरून बटरवर्थ दिसतं. संध्याकाळी दिवेसुद्धा मोजता येतात. फेरीबोट दिवसभर ये-जा करते. एंग हुआत एकदा पलीकडे गेला होता. तिने दार उघडलं, चहा दिला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तो चहा पिऊन परत आला. ती धक्क्यावर कधीच आली नाही. आकाशदेवाच्या वाढदिवसालाही नाही. आणि त्या सणाला तर ऑस्ट्रेलियात गेलेले तिओही येतात.

या वर्षी तिओंची नवी बैठक, म्हणजे कुळाने जमायची इमारत, बांधून झाली. कमिटीचा प्रमुख चून कियात एंग हुआतकडे आला. भिंतीसाठी अख्ख्या धक्क्याचं मोठं चित्र हवं, सणाआधी. एंग हुआतने लगेच हो म्हटलं. मनातलं तो कुणाला बोलला नाही. चित्र बैठकीत लागेल, सगळे बघतील, बोलतील. बोलणं पाण्यापलीकडे जाईल. ती बघायला तरी येईल.

चित्र झालं. चून कियातने ते उजेडात धरलं, खूश झाला, आणि डाव्या कोपऱ्यात येऊन थांबला.

"हे काय? सणाला पांढरं? तेही दारातच? आपण दारावर पांढरं कधी लावतो, विसरलास? देव वरून बघेल आणि म्हणेल, यांच्यात कोण गेलं?"

"घर गेलं," एंग हुआत म्हणाला.

चून कियात वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. पण सण म्हणजे सण. पूजेच्या संध्याकाळपर्यंत घराला रंग लागला पाहिजे. निळा लाव, गुलाबी लाव, त्याचं काही म्हणणं नव्हतं. नाही लागला, तर चित्र भिंतीवर चढणार नाही.

एंग हुआत ब्रश घेऊन बसला. त्या घराचं सगळं त्याला पाठ होतं. उंबरा किती वर, खिडकीचा आकडा कुठल्या बाजूला, कुठल्या फळीतली गाठ निखळून भोक पडलेलं. दाराचा रंग मात्र आठवेना. जुना फोटो होता, तो काळा-पांढरा. त्याने अंदाजाने हिरवा कालवला. ब्रश कागदाशी नेला आणि धुऊन टाकला. चुकीचा रंग लागला असता, तर तोच घराचा रंग होऊन बसला असता. खाली मग कोरंही उरलं नसतं.

त्याने बटरवर्थला फोन लावला.

"तोआचि, बैठकीसाठी धक्क्याचं चित्र काढतोय. आपल्या दाराचा रंग कोणता होता?"

मागे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं त्याला ऐकू आलं.

"इतक्या वर्षांनी फोन केलास, तो रंग विचारायला?"

"हो."

"रेघा बऱ्या लक्षात राहिल्या तुझ्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पूजेची संध्याकाळ आली. धक्क्यावर टेबलाला टेबल लावून लाल कापडं अंथरली. अननस, लाल कासवांच्या आकाराचे तांदळाचे केक, भाजलेलं डुक्कर. घराघराच्या दाराशी दोन बाजूंना ऊस बांधले. पूर्वज शत्रूपासून उसात लपून वाचले, म्हणून आकाशदेवाला ऊस. बैठकीत चित्र भिंतीला टेकून ठेवलं होतं, तोंड भिंतीकडे. एंग हुआत शेजारी बसून होता. खिशात ब्रश आणि रंगांची छोटी डबी.

बाहेर फळ्यांवर काहीतरी खरखरत आलं. उसाचे शेंडे. मागून बी लियान. दोन ऊस तिच्याहून उंच, तिने ते ओढतच आणले होते.

"तोआचि, बसा," चून कियात गडबडला.

"चून कियात, तू अजून तेवढाच जाड? दाखव ते चित्र."

त्याने चित्र फिरवलं. ती वाकली. बोट कागदाच्या जवळ नेलं, टेकवलं नाही.

"खिडकीचा आकडा. बरोबर." बोट खाली गेलं. "हे भोक. यातून थुंकायचास."

"खाली पाणी होतं."

"खाली काकाची होडी होती."

एंग हुआत हसला. मग त्याने डबी काढली, झाकण उघडलं आणि थांबला.

"दार?" त्याने विचारलं.

ती सरळ उभी राहिली.

"फोन ठेवला आणि तुला शिव्या घालत बसले. दाराचा रंगसुद्धा विसरला म्हटलं. मग स्वतः आठवायला गेले." तिने ऊस एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "हिरवं म्हणावं, तर ते शेजारच्यांचं. रोज उघडत होते ते दार. मला वाटलं, चित्र बघून आठवेल. म्हणून आले."

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

त्या घरात राहिलेलं, विचारण्यासारखं तिसरं कुणी आता उरलं नव्हतं. बाहेर पोरं फटाके लावत होती. दोघं त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली.

"मग राहू दे तसंच," ती म्हणाली.

चून कियातने तिच्याकडे पाहिलं. आतून सणाला दारावर लावतात तो जरीचा लाल पडदा घेऊन आला. चित्र टांगलं आणि त्याच्या माथ्यावर पडदा ठोकला, घराच्या दारावर ठोकतात तसा. देवाला काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाला.

बी लियानकडे ऊस बांधायला घर नव्हतं. तिने एक ऊस चित्राच्या डाव्या बाजूला लावला. दोरी दातात धरून म्हणाली, "हुआत, धर."

त्याने धरला.

"सरळ धर. सरळ तर येतं तुला."

तो धरून उभा राहिला. ती गाठी मारत होती, एकीवर एक, लागतील त्याहून जास्त. त्याने परतीच्या फेरीबोटीची वेळ विचारली नाही.