डिस्ट्रिब्युटरची डबी
परवा हत्यारांची पेटी आवरताना कडक झालेल्या रबरी नळीचा तुकडा हाती लागला आणि साठ-बासष्ट सालातलं आमचं कसालचं गॅरेज आठवलं. थोरला भाऊ मिस्त्री, मी त्याच्या हाताखाली. एका डॉक्टरांची मोटार सपाट रस्त्यावरही ओढत नव्हती. इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला पत्र्याची एक डबी असते. इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते तिच्यातल्या पातळ पडद्याला कळतं आणि त्याप्रमाणे ठिणगीची वेळ पुढेमागे होते. "ती डबी बघूया काय?" मी विचारलं, तर भाऊ गिऱ्हाइकांसमोर हसला, "तुका इंजिनातला काय कळता? गप पानो धर." तो जेवायला गेल्यावर मी डबीची नळी तोंडात धरून हवा ओढली. पडदा शाबूत असता तर जीभ नळीला चिकटली असती. पण पेट्रोलच्या वासाची हवा नुसती येतच राहिली. पडदा फाटला होता. मी नळी पुसून पुन्हा बसवली आणि गप्प राहिलो. भाऊ चार दिवस कार्बोरेटर खोलून धूत होता. पाचव्या दिवशी डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "येत नव्हतं, तर तसं सांगायचं होतं." आणि मोटार तशीच घेऊन गेले. हळूहळू इतरांनीही गाड्या आणणं सोडलं. भावाने गॅरेज बंद केलं आणि रेडीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. निघताना म्हणाला, "माझो हात गेलो रे." मी त्याची पिशवी उचलून एसटीत ठेवली. आता तो नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगतो, तेव्हा फाटका पडदा मी ओळखला होता, एवढंच सांगतो.