मापकाकांची तीन चाकं

मापकाकांनी आयुष्यात कुणाचं माप ऐकून घेतलं नाही. गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, "मागच्यासारखंच शिवा हो, काही बदल नाही," आणि काका गळ्यातला टेप ओढत म्हणायचे, "तुम्ही बदलला नसाल, पोट बदललं असेल. हात वर करा." न्यायाधीश असो नाहीतर नळवाला, हात वर. चाळीस वर्षं माणसांना असं शरण आणल्यावर गल्लीनं त्यांना मापकाका केलं आणि त्यांच्या बायकोला, तिचा काही गुन्हा नसताना, मापकाकू.

शिवणाचं दुकान बंद करून अकरा वर्षं झाली, तरी टेप गळ्यातच. दुकान बंद केलं त्याच आठवड्यात काकांनी आयुष्यातली एकुलती एक उधळपट्टी केली होती. कोरी करकरीत घरगाडी घेतली होती. म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची दोन चाकांची खोली. आत पलंग, ओटा, कपाट, एक खिडकी. खिडकीला पडदे काकांनी शिवले, पलंगाला गादीची खोळ काकांनी शिवली, आणि एवढ्यावर हात थांबेना म्हणून दोन्ही चाकांना आणि मागच्या स्टेपनीला उन्हापासून जपायला जाड कापडाच्या खोळी शिवल्या, आतून अस्तरासकट. सहली मात्र झाल्या तीन. बाकी सगळा काळ घरगाडी अंगणात उभी, आणि जावईबापू दर सुट्टीला तिच्याकडे बघून म्हणायचे, "बाबा, विकून टाका. मोटार रस्त्यावर आणि हिला अख्खं अंगण!"

सोमवारी सकाळी काकूंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. सगळे तिला ताई म्हणत. राहायची सहाशे किलोमीटरवर, समुद्राकाठी. ताई फोनवर हवापाण्याचं बोलली, गुडघ्याचं बोलली आणि ठेवता ठेवता म्हणाली, "डोळ्यांचं काही खरं नाही गं. डॉक्टर म्हणतात, महिना, फार तर दोन. चेहरे अजून दिसतात. यायचं तर लवकर ये."

काकूंनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना फार वेळ सलग बसता येत नव्हतं ही खरी अडचण होती. पाठीचं दुखणं असं, की दोन तास बसलं की तासभर पाठ जमिनीला लावावीच लागायची. सहा वर्षांपूर्वी ताईकडून परतताना त्या बसमध्ये दोन बाकांच्या मध्ये आडव्या झाल्या होत्या आणि उतारू त्यांना ओलांडून जात होते. त्यानंतर बहिणी भेटल्या नव्हत्या. घरगाडी एवढ्या लांब न्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"शनिवारी निघायचं," काका म्हणाले.

"कशानं?"

"अंगणात पलंगासकट खोली उभी आहे, ती काय शोभेला आहे? दोन तास मोटारीत बसायचं, गाडी थांबवायची, तासभर मागे जाऊन आडवं व्हायचं. तीन दिवसांत पोचू."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस एकदा 'शनिवार' म्हणाला की शनिवारच. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यानं तापातही पाळली होती.

मंगळवारी काका घरगाडी ओढत टायरच्या दुकानात गेले, नुसती हवा भरायला. दुकान एका बाईंचं होतं. दोरीला बांधलेला चष्मा, कोपरापर्यंत काळे हात, आणि बोलणं असं की हवेचा दाब आपोआप वाढावा. काकांनी खोळी काढल्या. आतून टायर निघाले काळेभोर, नक्षी अंगठाभर खोल.

"बघा," काका म्हणाले. सुरात जरा मुलीचं कौतुक करणारा बाप होता.

बाईंनी चष्मा लावला, उकिडव्या बसल्या, पण नक्षीकडे बघितलंच नाही. टायरच्या कुशीवरची, म्हणजे बाजूची, धूळ अंगठ्यानं पुसली. तिथे चार आकडे उठावात होते.

"काका, हे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. हा टायर जन्मला तो आठवडा."

काकांनी वाचलं, बोटांवर हिशोब केला. अकरा वर्षं.

"पण हे चाललेत कुठे? आणि ऊन लागू दिलं नाही मी. खोळी आहेत, अस्तराच्या!"

"खोळ सुरेख आहे. माझ्या मिक्सरला एक शिवून द्या. पण खोळीनं ऊन अडतं, वय नाही अडत. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. हे बघा." बाईंनी टायर दाबला तशा कुशीवर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. "सहा वर्षांनी बदलायचे असतात. भर रस्त्यात फुटला तर तुमचे पडदे शेतात जातील."

पेटीत पडून राहिलेलं कापडही घडीवर विरतं, हे चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगणारा माणूस ते चाकाबाबत विसरला होता.

बाईंनी चाक उतरवलं. टायरच्या आतलं लोखंडी चाक नटांच्या भोकांजवळ गंजलं होतं आणि एक भोक झिजून लांबट झालं होतं. "हेही गेलं. तीन टायर, तीन चाकं. स्टेपनीला वगळू नका, तीही याच बारशाची आहे."

संध्याकाळी जावईबापू धावून आले. मनानं चांगले, फक्त उपाय तयार घेऊन येणारे. "बाबा, माझ्या मोटारीचे जुने टायर पडलेत की! साईज तीच आहे, मी आकडे जुळवले. फुकट."

"छाती तीच म्हणून दुसऱ्याचा कोट बसतो का हो?"

"टायर आहे बाबा, कोट नाही."

"तुमच्या लग्नाचा कोट आठवतो? भावाचा चालेल म्हणाला होतात."

जावईबापूंना आठवला. खांद्यात आवळलेला. ते पाणी प्यायला आत गेले.

बुधवारी काका वही घेऊन पुन्हा दुकानात हजर. बाईंनी समजावलं ते काकांना एका दमात पटलं, कारण सगळं शिवणातलंच होतं. मोटारीच्या टायरची कूस मऊ, बसणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून. ओढायच्या गाडीला कूस ताठ हवी, नाहीतर गाडी मागे झुलायला लागते. प्रत्येक टायरवर तो किती वजन पेलेल ते लिहिलेलं असतं, आणि चाकावरही, आतल्या बाजूला.

"मग तुमच्या गाडीचं वजन किती?" बाईंनी विचारलं.

"कागदावर हजार किलो."

"कागदावर!" बाई हसल्या. "मागच्यासारखंच शिवा, असं म्हणताय होय?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटली. "उद्या माप घेऊन येतो."

गुरुवारी घरगाडी प्रवासाला निघाल्यासारखी भरून काका-काकू जुन्याच चाकांवर, बैलगाडीच्या वेगानं, वजनकाट्यावर गेले. एकूण बाराशे चाळीस किलो. मग एकेक चाक काट्यावर घेतलं. उजवं पाचशे चाळीस. डावं सातशे. जुना टायर साडेसहाशे पेलणारा होता, म्हणजे कोरा असता तरी अंगाबाहेरचं ओझं होतं.

"डावीकडे काय भरलंय?" काट्यावरच्या माणसानं खिडकीतून विचारलं.

"काही नाही," काका जरा चटकन म्हणाले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि डावीकडच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. खाली पाण्याचे डबे, लोखंडी इस्त्री, अवजारांची पेटी, आणि चादरीखाली झाकलेलं शिवणयंत्र. बिडाच्या पायांसकट.

"अहो, हे काय?"

"ताईचा कोट," काका टेपशी चाळा करत म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी ताईनं राखाडी लोकरीचं कापड दिलं होतं, कोट शिव म्हणून. त्या एका दिवशी टेप काकांच्या गळ्यात नव्हता. सदऱ्यासोबत तो धुवायला गेला होता. ताई म्हणाली, एवढी समोर उभी आहे, अंदाजानं शिव. काका म्हणाले, अंदाजानं जमत नाही, पुढच्या खेपेला. ताई रुसली. पुढची खेप आली नाही. कापड पेटीत राहिलं.

"तिला तो कोट अंगावर बघता यायला हवा," काका म्हणाले. "तिथेच माप, तिथेच शिलाई."

काकूंनी चादर नीट केली. "पाय घरी ठेवा. नुसतं डोकं घ्या. हाताचा दांडा बसवू, टेबलावर चालेल. दांडा मी फिरवीन, उभ्यानं. पाठीला बरंच पडेल."

पाय उतरले, इस्त्री उतरली, डबे उजवीकडे गेले. पुन्हा काटा. दोन्ही बाजूंत आता वीस किलोंचा फरक. काकांनी आकडे वहीत लिहिले आणि पानाला टाचणी लावली.

शुक्रवारी चाकं निवडायची होती. काकूही आल्या आणि दुकानात शिरताच एका चमचमत्या चाकाशी थांबल्या. त्यात तोंड दिसत होतं.

"हे घेऊ या. ताईला आवडेल."

काका वाकले, टेप गळ्यातून लोंबत असताना चाकाच्या आत डोकं घातलं आणि आतून आवाज आला, "सहाशे."

"म्हणजे?"

"सहाशे पेलतं. आपली जड बाजू सहाशेच्या वर जाते. टायर घेतलाय आठशेचा आणि चाक सहाशेचं, म्हणजे नवा कोट आणि बटणाला उसवलेला दोरा."

मग त्यांनी साधं, काळं, लोखंडी चाक घेतलं. आत डोकं घालून आकडा वाचला, साडेआठशे. नटांच्या भोकांमधलं अंतर टेपनं तीनदा मोजलं. मधलं भोक मोजलं. टायरवरचे चार आकडे वाचले, तीन महिन्यांपूर्वीचा आठवडा निघाला. बाई हाताची घडी घालून बघत होत्या.

"काका, माझ्याकडे नोकरी धरता का?"

"गिऱ्हाईक पळतील. मी हात वर करायला लावतो."

जाताना बाईंनी नट मोजून-मापून आवळणारा आपला टॉर्क पाना त्यांच्या हातात ठेवला. "ऐंशी किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. नवीन चाक पहिल्या धावेत बसतं. विसरू नका. पाना परत आणून द्या, आणि मिक्सरची खोळ."

शनिवारी सकाळी सात वाजता निघाले. ऐंशीव्या किलोमीटरला काकांनी गाडी कडेला घेतली.

"आत्ताच तर निघालोय," काकू म्हणाल्या.

"पहिली ट्रायल," काका पाना घेऊन उतरले. एक नट खरंच पाव फेरा फिरला. काका त्या पाव फेऱ्याकडे इतक्या समाधानानं बघत राहिले की काकूंनी मागे जाऊन पाठ टेकून घेतली. दोन तास रस्ता, तासभर पलंग. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी घाटातल्या वळणांवर गाडी जराही झुलली नाही. दर मुक्कामाला काका चाकांना हात लावून ती तापली का बघायचे, जशी आई पोराचं कपाळ बघते.

सोमवारी दुपारी ताई फाटकात उभी होती, एका हातानं गज धरून. मोटार थांबली. काकू उतरल्या आणि जागीच थांबल्या. आपण दिसतोय की नाही, हे कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

ताई फाटक सोडून हळूहळू पुढे आली. काकूंच्या शेजारून गेली. घरगाडीजवळ थांबली, मान तिरकी करून वाकली.

"काय गं हे," ती म्हणाली, "एवढी नवीन गाडी आणि चाकं काळी ठिक्कर? चमचमती मिळाली नाहीत?"

काकूंच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, ते त्यांनाही कळलं नाही. त्या बहिणीच्या गळ्यात पडल्या.

"मिळत होती," काका म्हणाले. त्यांनी गळ्यातला टेप ओढला. "ताई, रडणं नंतर. अजून उजेड आहे. हात वर करा."