इंद्रलोकातले ठसके

कुत्रा पाळला की घरात केस साठतात आणि डोक्यात किस्से. केस निदान झाडूने निघतात. संध्याकाळी आमच्या इंद्रलोक सोसायटीच्या बागेत आमचा कुत्रेवाल्यांचा ग्रुप जमतो. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला काहीतरी आठवतंच. त्यातले हे घशात अडकलेले.

*

सावंतकाकांचा लाडू बीगल आहे. समोर पडेल ते आधी गिळायचं, मग वास घ्यायचा, ही त्याची पद्धत. एकदा पूजेच्या प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा घशात गेला आणि तो खोकायला लागला. आम्ही घरच्या संस्काराप्रमाणे त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि एका सुरात म्हणालो, "वर बघ, वर बघ!" मी तर बोटाने गच्चीही दाखवली. लाडूने कोणाकडेच बघितलं नाही. स्वतःच खोकून तुकडा बाहेर काढला आणि तोच पुन्हा खाल्ला.

*

हे ऐकून आमच्या कुत्र्यांच्या डॉक्टर मॅडमनी कपाळाला हात लावला. रविवारी त्या शिकवायला बागेतच आल्या.

"खोकतोय तोवर खोकू द्या. आवाज बंद झाला तर तोंड उघडून बघा. दिसलं तर काढा, नाही दिसलं तर बोटं घालू नका. छोटा असेल तर डोकं खाली करून पाठीवर थापट्या. मोठा असेल तर मागून मिठी मारायची, बरगड्यांखाली मूठ ठेवायची आणि आत, वर झटका. निघालं तरी क्लिनिकला यायचंच."

धडधाकट कुत्र्यावर प्रॅक्टिस नको म्हणून काकांनी घरून उशी आणली होती. त्यांनी असा जोर लावला की शिवण उसवून कापूस बाहेर आला. मॅडम म्हणाल्या, "अडकलेलं निघालं काका, पण पेशंट गेला."

*

शहाबेननी ट्रेनिंग फारच मनावर घेतलं. दुपारी त्यांचा पग घरघरतोय हे ऐकून त्यांनी त्याला उलटा धरला, थापट्या मारल्या आणि तसाच रिक्षात घालून क्लिनिकला नेला.

मॅडमनी विचारलं, "पहले क्या कर रहा था?"

"सो रहा था."

"तो ये खर्राटे थे, शहाबेन."

तेव्हापासून तो सोफ्याखाली झोपतो.

*

आता सावंतकाकूंचा. त्यांना घरात कुत्रा नकोच होता. लाडूची शेपटी साडीला लागली तरी त्या पुन्हा आंघोळ करतात, हे अख्ख्या विंगला माहीत आहे. त्याचं नावही घेत नाहीत, "तुमचं ते" म्हणतात. बागेत आल्या तरी लांबच्या बाकावर बसतात; मॅडमच्या ट्रेनिंगलाही तिथेच होत्या.

एका संध्याकाळी काकांनी खिशातून गाजर काढून लाडूला दिलं. जरा वेळाने लाडू पंजाने तोंड ओरबाडायला लागला. खोकला नाही, आवाज नाही. जीभ निळसर पडायला लागली. काका पट्टा धरून नुसते "लाडू, लाडू" करत राहिले. मला वाटलं, गेला हा.

बाकावरून काकू कधी आल्या कळलंच नाही. त्यांनी त्याचं तोंड उघडून बघितलं, आत काही दिसलं नाही. पदर खोचला, लाडूच्या मागे गुडघ्यांवर बसल्या, त्याला मिठीत घेऊन मूठ लावली आणि झटका दिला. मग आणखी एक. आणि आणखी एक. गाजराचा तुकडा माझ्या चपलेवर येऊन पडला. लाडूने मोठा श्वास घेतला आणि खोकला. तो खोकला ऐकून मला रडूच आलं.

रिक्षात लाडू काकूंच्या मांडीवर होता आणि आंघोळीचा विषय कोणी काढला नाही. मॅडमनी घसा बघितला, छाती तपासली आणि "ठीक आहे" म्हणाल्या, तेव्हा कुठे काका खुर्चीत टेकले.

मग मॅडमनी मी सोबत आणलेला तो तुकडा निरखून विचारलं, "एवढं मोठं गाजर दिलं कोणी याला?"

काकांनी तोंड उघडायच्या आत काकू कडाडल्या, "यांनी! मी मेली रोज किसून देते त्याला, आणि यांना एक दिवस धीर धरवला नाही."