मामांचं ‘आणि?’

पुण्यातल्या त्या हॉटेलात खोलीचं दार उघडल्याबरोबर मी पहिलं काम काय केलं असेल, तर टेबलावरच्या ट्रेमधलं खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट फोडलं. ट्रे मोठा देखणा मांडलेला होता. एका बाजूला शेंगदाणे, एका बाजूला खारे काजू, मधे चॉकलेट. आमच्याकडे वऱ्हाड उतरलं की मुलीकडची माणसं जानवशात अशीच ताटं मांडून ठेवतात, लाडू, चिवडा, वर झाकायला कागद. आणि त्याला कुणी हात लावला नाही, तर मुलीचा बाप हात जोडत दारात येतो. इतक्या लग्नांचा संस्कार माझ्या हातात होता. मूठभर दाणे तोंडात टाकून मी उरलेलं पाकीट मामांच्या पुढे केलं.

मामांनी पाकिटाकडे पाहिलंही नाही. ट्रेखाली दडवलेला एक छापील कागद त्यांनी दोन बोटांनी बाहेर ओढला, हात लांब करून वाचला आणि माझ्या हातात दिला. ट्रेमधल्या प्रत्येक वस्तूचा भाव त्यावर होता. तेवढ्या पैशात आमच्याकडे दाण्यांचं पोतं आलं असतं.

“जावईबापू,” मामा म्हणाले, “तुम्ही जानवशात नाय आलात. इथं मुलीचा बाप तुम्हीच.”

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे पाचोडचे, पण उभं आयुष्य शहरातल्या छावणी भागात मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात गेलं. जावई म्हणून मला त्यांनी कधी अरेतुरे केलं नाही. चहा आधी मला, पाट आधी मला, आणि अपमानही आधी माझाच, पण तोही आदरार्थी बहुवचनात. “तुम्ही शिकलेले आहात,” अशी त्यांनी सुरुवात केली की पुढे काय येणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे आणि सगळे ऐकायला सरसावून बसत. मामांना सहसा कुणाचा राग येत नसे. राग यायला समोरच्याची काहीतरी किंमत असावी लागते. त्यांच्याकडे फक्त तुच्छता होती, आणि ती ते अत्तराच्या फायासारखी सगळ्यांना सारखी लावत. दुकानदार, डॉक्टर, पुढारी, व्याही, मी.

त्यांचं हत्यार एकच होतं. समोरच्यानं भाव सांगितला की मामा म्हणायचे, “आणि?”

एवढंच. मग वरच्या पंख्याकडे बघत गप्प बसायचे. एकदा गुलमंडीवर आम्ही फ्रिज घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं किंमत सांगितली. “आणि?” मामा म्हणाले. “आणि काही नाही, मामा.” मामा पंख्याकडे. थोड्या वेळानं तो म्हणाला, “म्हणजे, स्टँड वेगळा आहे.” “आणि?” “घरपोच करायचं असेल तर ते...” “आणि?” “जिना असला तर पोरं काहीतरी मागतात.” असं करत करत त्या माणसानं पोटातलं सगळं काढून टेबलावर ठेवलं. आणखी थोडं थांबलो असतो, तर त्यानं भावकीतल्या भांडणाचंही सांगितलं असतं.

मी बाहेर आल्यावर कौतुक केलं, तर मामांनी ते झटकून टाकलं. “‘आणि’ म्हणनं सोपं हाय. त्याच्यानंतर गप बसनं लई अवघड. तुम्हाला नाय जमायचं. तुम्हाला शांतता झाली की अपराधी वाटतं.”

हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, हे विचारण्याची गरज नव्हती. मंडपवाला होता तो माणूस. मंडप स्वस्तात ठरवायचा आणि मग झालर वेगळी, खुर्च्या वेगळ्या, गाद्यांच्या खोळी वेगळ्या. मंडपाचा भाव एक, त्याच्या सावलीचा दुसरा. खुलताबादला डोंगरावर एकदा मंडप घातला, तर दोरांचे पैसे वेगळे लावले. यजमान म्हणाला, “अहो, दोराशिवाय मंडप उभा राहील का?” मामा म्हणाले, “मी खाली शहरात राहतो. वारा तुमच्या गावचा हाय, माझा नाय.”

मी एकदा धीर करून म्हणालो, “मामा, मग तुम्हीही तेच करत होता की.”

“करत होतो. पण कुणी ‘आणि’ म्हणलं, तर एका दमात सगळं सांगत होतो. कुणी विचारतच नव्हतं. लग्नघरात माणसाला विचारायची लाज वाटते. त्या लाजेवर माझं गोडाऊन उभं हाय, जावईबापू.”

मग मामांचा घसा बसला. महिनाभर हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, इथल्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. मामी देवाला नवस बोलून मोकळ्या झाल्या. मामा मात्र पुण्याचं नाव काढलं की खोकत. मरणाचं भय नव्हतं त्यांना, लुटलं जाण्याचं होतं. “दवाखाना लुटंल ते ठीक हाय, त्याचा धंदाच हाय. पण झोपायचे पैसे?” ते निघावेत म्हणून राहण्याची सोय मी अंगावर घेतली. त्यात माझाही एक स्वार्थ होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं एकदा तरी “जावयानं बरं केलं” म्हणावं, ही माझी इच्छा शिल्लक होती.

मी विमा कार्यालयात नोकरीला आहे. ‘अटी व शर्ती लागू’ हे शब्द रोज लोकांना वाचून दाखवतो. पण मोबाइलवर हॉटेलांची यादी उघडली आणि मी पाघळलो. मोठा आकडा लाल रेघेनं खोडलेला, शेजारी निम्मा आकडा हिरवा. खाली लिहिलेलं, एकच खोली शिल्लक. त्याखाली, आत्ता कितीतरी जण हीच खोली बघत आहेत. ही कितीतरी माणसं कोण, माझ्यासारखीच गाढवं की हॉटेलवाल्याचे मेहुणे, असा प्रश्न मला पडला नाही. मी मामांना दाखवलं.

“हा खोडलेला आकडा,” मामा बसक्या आवाजात म्हणाले, “आजवर कुणी दिला होता?”

“सवलत आहे ती, मामा.”

“आणि?” ते मोबाइलला म्हणाले. मोबाइल काही बोलला नाही. मामांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. “बघा. याला ‘आणि’ म्हणता येत नाय. म्हणून तर सगळे याच्यावर विकतेत. हॉटेलात फोन लावा. माणसाला विचारा, कर धरून किती, माणशी किती, किती वाजता आत घेता, नाय आलो तर परत काय देता. आणि तो बोलंल ते लिहून मागा.”

मी म्हणालो, हल्ली असं कुणी फोन करत नाही, बरं दिसत नाही. आणि बटण दाबलं.

खोली एक घेतली, दोघांची. माणसं चौघं, मी, बायको, मामा, मामी. यात मला काही चूक वाटली नाही. आपल्याकडे खोली कधी माणसं मोजून घेतात का? दोघं वर, दोघं खाली. मामांनी तर गोडाऊनमधल्या दोन गाद्या गाडीच्या टपावर बांधल्या. पहाटे निघून सकाळी आम्ही पुण्यात पोचलो आणि त्या गुळगुळीत फरशीच्या हॉटेलात लाल पट्ट्यांच्या गाद्या खांद्यावर घेऊन शिरलो.

काउंटरवरच्या बाई फार गोड बोलत होत्या. त्यांनी सांगितलं, खोली दुपारी मिळते, आत्ता हवी असेल तर त्याचा आकार वेगळा. कर वेगळा. नाश्ता वेगळा, आणि गाडी उभी करायचं वेगळं. जास्तीच्या दोन माणसांचे वेगळे.

“गाद्या आमच्या हायेत,” मामा म्हणाले.

“गाद्यांचे नाही सर, माणसांचे आहेत.”

“म्हंजी श्वासाचे,” मामा म्हणाले. बाई गोड हसल्या. मामा माझ्याकडे वळले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी म्हणालो, मग दुसरीकडे जाऊ. तर कळलं की भरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेही आधीच लिहिलेलं होतं, हिरव्या आकड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. मी असलीच अक्षरं विमा कार्यालयात लोकांना वाचून दाखवतो. स्वतःचं वाचायला मला कोण ठेवणार? हिरवा आकडा चढत चढत लाल आकड्याला भेटला आणि थोडा पुढेही गेला. खोलीत येऊन मी शेंगदाणे फोडले, ते या दुःखात.

दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरणे, टापटीप. तपासण्यांचे कागद बघून ते प्रसन्नपणे म्हणाले, “काका, गाठ आहे, आपण काढून टाकू. घाबरायचं कारण नाही.”

मामा म्हणाले, “आणि?”

“आणि, थोडे दिवस इथं राहावं लागेल.”

मामांनी वर पाहिलं. तिथे पंखा नव्हता, एसी होता. ते एसीकडे बघत राहिले. “आणि?”

“आणि नंतर खाणं पातळ. बराच काळ.”

माझी बायको माझ्या बाहीला धरून होती. मला वाटत होतं की मामांनी आता थांबावं. खोलीत कुणीच बोलत नव्हतं आणि मला सवयीनं अपराधी वाटायला लागलं.

“आणि?” मामा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “काका, आवाज राहणार नाही.”

मामींनी पदर तोंडाला लावला. मामांनी मान हलवली, सौदा पटल्यावर हलवायचे तशी. “हां. हे शेवटचं असतं. याच्यापुढं काही नसतं.” आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरगं बरं हाय. लवकर सांगितलं. फ्रिजवाल्यानं लई छळलं होतं.”

संध्याकाळी बायको मामींना घेऊन जवळच्या देवळात गेली. खोलीत आम्ही दोघंच. मामा पलंगावर पाय सोडून बसले होते. ते उठले, टेबलापाशी गेले आणि ट्रेमधलं काजूचं पाकीट उचललं. मला वाटलं, भाव पुन्हा वाचतात. त्यांनी ते दातानं फोडलं.

“मामा, ते वेगळं लागतं,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हे सांगत होतो.

“लागू द्या,” मामा म्हणाले. “या. बसा.”

ते एकेक काजू सावकाश चावत होते. गिळताना डोळे मिटत होते. दुखत असावं. मला त्यांनी मोजके दिले. संपल्यावर कागद नीट घडी करून टोपलीत टाकला आणि म्हणाले, “खवट हायेत. मीठ जास्त. असलं आम्ही वाढप्यांनासुद्धा दिलं नसतं.” मग दाराकडे बघत, “मामीला सांगू नका. ती म्हणंल, एवढे पैसे होते तर मला कधी खाऊ घातलं नाय.”

दुसऱ्या दिवशी निघताना काउंटरवर हिशेबाचा कागद आला. त्यात शेवटी शेंगदाणे होते आणि त्याखाली काजू. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मामींनीही पाहिलं.

“मीच,” मी म्हणालो. “दोन्ही.”

मामा पंख्याकडे बघत होते. इथे पंखा होता.

मी त्यांना म्हणालो, मामा, तुम्ही विचारा यांना. ते म्हणाले, “आज तुम्ही. मला आवाज आता पुरवून वापरायचाय.” म्हणून मी छाती काढून बाईंना म्हणालो, “आणि?” “आणि काही नाही सर,” बाई हसून म्हणाल्या. “थँक यू,” मी म्हणालो. गाडीत बसेपर्यंत मामांना दम निघाला नाही. “‘आणि’ म्हणून गप बसायचं असतं, जावईबापू. तुम्ही तर सत्कार करून आलात.”

पुढे पुन्हा पुण्याला जाऊन ऑपरेशन झालं. आवाज गेला. तुच्छता मात्र जागेवर होती, उलट बोलण्यात खर्च होत नसल्यामुळे साठून राहिली. आता ते ‘आणि’च्या जागी टेबलावर बोटाचं पेर वाजवायचे. टक्. मी ऑफिसातली काही फुशारकी सांगायला लागलो की, टक्. आणि मी आपण होऊन खरं काय झालं ते सांगून टाकायचो. गेल्या वर्षी ते गेले. तेराव्याचा मंडप घालायला त्यांच्याच धंद्यातला एक जण आला होता. त्यानं हळहळत, हात जोडून एक आकडा सांगितला. आम्हा पुरुषांना अशा वेळी घासाघीस करायची लाज वाटली. भिंतीशी बसलेल्या मामींनी रडता रडता पदर बाजूला केला.

“आणि?”

त्या माणसानं मान खाली घातली आणि खुर्च्यांचं, गाद्यांचं, दोरांचं सगळं सांगून टाकलं.

परवा भाच्याच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं. यादीत लाल-हिरवे आकडे दिसले. मी ते नुसते पाहिले आणि हॉटेलात फोन लावला. कर, माणसं, वेळ, गाडी, नाश्ता, सगळं विचारलं. मग “आणि?” म्हणालो आणि गप्प बसलो. पलीकडचा माणूस “हॅलो, हॅलो” करत राहिला, पण मी बधलो नाही. शेवटी तो म्हणाला, “साहेब, खोलीत एक ट्रे असतो, त्याचं वेगळं.” मी म्हणालो, तो आधी उचला आणि बाकीचं सगळं लिहून पाठवा. त्यानं पाठवलं. ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त लागला नाही.

खोलीत शिरल्यावर मी रिकाम्या टेबलाकडे हात करून बायकोला सगळं सांगितलं. कसा फोन लावला, कसा गप्प बसलो. म्हटलं, आज मामा असते तर बरं केलं म्हणाले असते.

तिनं आपली पर्स त्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “पुण्यात शेंगदाणे तुम्ही खाल्ले होते, ते मला पटलं होतं. काजू मामांनी खाल्ले होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. तेवढं एक काजूचं पाकीट तरी राहू द्यायला सांगायचं.”